मोकळी क्रिब, सजलेली खोली

सोफा, जेवणाचं टेबल, कपाट यांच्याजवळ बाळ जातं तेव्हा कुणीतरी मोठं माणूस जागं असतं. क्रिबचं तसं नाही. बाळाला तिच्यात ठेवून आपण दिवा मालवतो, दार लोटतो आणि स्वतःही झोपी जातो. पहिल्या वर्षात बाळाचे दिवसातले निम्मे किंवा त्याहून जास्त तास झोपेत जातात आणि त्यातल्या बऱ्याच वेळात त्याच्यावर कुणाचीच नजर नसते. म्हणून क्रिब निवडताना पहिला प्रश्न रंगाचा, किमतीचा किंवा ब्रँडचा नसावा. मी पाहत नसेन तेव्हा या वस्तूत बाळाला काय होऊ शकेल, हा प्रश्न आधी विचारावा.

दुकानातल्या किंवा जाहिरातीतल्या क्रिबमध्ये फुगीर गाद्यांची किनार, रेशमी उशा, मऊ अस्वल, झालरीची चादर आणि वरून सोडलेला पडदा असतो. पाहताक्षणी मोह पडतो. पण बाळ झोपताना यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बाहेर काढून ठेवावी लागते. त्यामुळे पालकांना वाटतं की सुरक्षित हवी तर रूक्ष क्रिब घ्यावी लागेल आणि देखणी हवी तर थोडा धोका पत्करावा लागेल. असं काही नाही. दोन्ही गोष्टींना वेगवेगळी जागा दिली की प्रश्न सुटतो. क्रिबच्या आत फक्त बाळ असावं. देखणेपणा क्रिबच्या बांधणीत, लाकडात आणि भोवतालच्या खोलीत असावा. पुढचं सगळं या एका सूत्रावर आधारलेलं आहे.

गजांमधलं अंतर

अमेरिकेत १९७३ साली क्रिबसाठी सक्तीचा नियम झाला: दोन गजांमधलं अंतर जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर, म्हणजे अडीच इंचांपेक्षा किंचित कमी. यामागे बाळाच्या शरीराची ठेवण आहे. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि कंबर बारीक. गज दूर दूर असतील तर वळवळताना पाय, कंबर, छाती फटीतून बाहेर सरकतात आणि डोकं आत अडकतं. सगळा भार मानेवर येतो. बाळाला स्वतःला वर उचलता येत नाही आणि ओरडताही येत नाही. युरोपातल्या 'ईएन ७१६' या मानकात गजांमधलं अंतर साडेचार ते साडेसहा सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवायला सांगितलं आहे, कारण फार अरुंद फटीत हात किंवा पाय अडकू शकतो. ही दोन्ही मानकं पाळायची तर साडेचार ते सहा सेंटिमीटर हे अंतर लक्षात ठेवावं.

अमेरिकी माहितीपत्रकांत एक सोपी युक्ती सांगतात: शीतपेयाचा कॅन गजांमधून आरपार गेला तर क्रिब नाकारा. आपल्याकडे बारीक कॅनही विकले जातात आणि ते सुरक्षित फटीतूनही जातील. मोजपट्टी नेलेली बरी. कातीव गजांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सांखेड्याच्या लाखकाम केलेल्या फर्निचरमध्ये लेथवर घडवलेले गज कुठे फुगीर, कुठे निमुळते असतात. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांत असं फर्निचर आहे. अशा गजांमधलं अंतर फुगवट्यापाशी न मोजता गज सर्वांत बारीक असेल तिथे मोजायचं. बाळ सरकणार ते तिथूनच.

हाच नियम नक्षीलाही लागू होतो. डोक्याकडच्या फळीत कोरलेलं बदाम, चांदणी किंवा कमळ सुंदर दिसतं, पण आरपार कोरलेल्या आकारात डोकं किंवा हात शिरून अडकू शकतो. नक्षी हवीच असेल तर ती उठावाची करून घ्यावी, जाळीची नको. कोपऱ्याच्या खांबांवर कळस, मोर किंवा लाडू बसवायची आपल्या कारागिरांना हौस असते. अमेरिकी नियमात हे खांब फळीच्या वर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देत नाहीत. उभं राहायला शिकलेल्या बाळाच्या अंगड्याची मान किंवा गळ्यातला दोरा अशा टोकाला अडकतो आणि बाळ खाली बसलं की फास बसतो.

गळ्यातल्या दोऱ्याबद्दल इथेच स्पष्ट सांगायला हवं. दृष्ट लागू नये म्हणून घातलेला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी यांपैकी काहीही झोपलेल्या बाळाच्या गळ्यात नको. आजीचं मन राखायचं असेल तर कपाळावर तीट लावावी. दोरा मात्र गळ्यातून काढावाच.

सरकणारा कठडा का गेला

काही दशकं सगळ्यांत सोयीची मानली गेलेली क्रिब म्हणजे एका बाजूचा कठडा खाली सरकणारी. आईला वाकावं लागत नसे, कंबरेला आराम मिळे. पण हलणारा भाग म्हणजे खाचा, स्प्रिंगा आणि प्लॅस्टिकच्या कड्या आल्या. त्या झिजतात, तडकतात किंवा घरी जोडताना उलट्या बसतात. मग कठडा एका कोपऱ्यातून सुटतो, गादी आणि कठडा यांच्यामध्ये निमुळती फट तयार होते आणि लोळत आलेलं बाळ तिच्यात अडकतं. २००० नंतरच्या दहा वर्षांत अशा क्रिबशी जोडलेले किमान ३२ बालमृत्यू अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नोंदवले. २८ जून २०११ पासून तिथे सरकत्या कठड्याच्या क्रिबच्या विक्रीवर बंदी आली.

या बंदीमागच्या कायद्याशी एका मुलाचं नाव जोडलेलं आहे. डॅनी कीझर हा दीड वर्षाचाही नसलेला मुलगा १९९८ साली शिकागोतल्या पाळणाघरात घडीच्या क्रिबमध्ये दगावला. क्रिबचे कठडे आतल्या बाजूला कोसळले आणि त्या कैचीत त्याची मान अडकली. ते मॉडेल धोकादायक ठरवून १९९३ सालीच बाजारातून परत मागवण्यात आलं होतं. पाळणाघराला आणि पालकांना त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या आईवडिलांनी 'किड्स इन डेंजर' ही संस्था काढली. अमेरिकेत २००८ साली झालेल्या सुरक्षा कायद्यातल्या एका कलमाला डॅनीचं नाव दिलेलं आहे. त्या कलमानुसार लहान मुलांच्या टिकाऊ वस्तूंसोबत नोंदणीकार्ड देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, म्हणजे दोष सापडला तर तो थेट घरी कळवता यावा.

आपल्यासाठी यात दोन धडे आहेत. चारही बाजू पक्क्या असलेली क्रिबच घ्यावी. वाकायचा त्रास होत असेल तर गादीची फळी वरखाली करता येणारी निवडावी. आणि नवी क्रिब घेतल्यावर मॉडेल क्रमांक, निर्मितीची तारीख आणि बिल यांचे फोटो काढून ठेवावेत, कंपनीकडे नोंदणी करावी. त्याला दोन मिनिटं लागतात, आणि तो क्रमांक हाताशी असेल तरच परत मागवलेली क्रिब आपली आहे की नाही हे कळतं.

आत काय नको

गजांवर बाळाचं डोकं आपटू नये म्हणून आतून बांधायची मऊ गादीची किनार पुष्कळ पालक काळजीपोटी आणतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रॅडली थॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८५ ते २००५ या काळात अशा किनारींमुळे झालेले २७ मृत्यू शोधून काढले. नाक मऊ कापसात दबलं की बाळ आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेतं, प्राणवायू कमी होत जातो आणि लहान वयात मान वळवून सुटका करून घेण्याची ताकद नसते. किनारीच्या नाड्यांचा फासही बसू शकतो. गजांवर डोकं आपटून फार तर टेंगूळ येतं. मे २०२२ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने जाड किनारी आणि दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधनं या दोन्हींवर बंदी घातली. उतारावर बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासनलिका मुडपते.

हीच कसोटी आपल्या घरातल्या वस्तूंना लावू. डोकं गोल व्हावं म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी, जड गोधडी, कापडी बाहुल्या, नवं दुपटं सैल पसरून ठेवणं, यांतलं काहीही झोपेच्या वेळी क्रिबमध्ये नको. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये असं वाटत असेल तर बाळ जागं असताना आणि आपण समोर असताना त्याला पोटावर खेळू द्यावं. त्याने मानही बळकट होते. थंडीसाठी अंगात घालायची झोपेची पिशवी किंवा कपड्यांचा एक जादा थर पुरे. दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची पद्धत बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की थांबवावी.

बाळाला पाठीवर झोपवावं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने १९९२ साली पालथं न झोपवण्याची शिफारस केली, १९९४ साली देशभर मोहीम निघाली आणि पुढच्या काळात तिथला झोपेतला अचानक बालमृत्यूचा दर निम्म्याहून खाली आला. पाठीवर झोपवलं तर उलटी घशात जाईल, ही भीती आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. ओकलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावं लागेल. पालथ्या बाळात ही मांडणी उलटी होते.

मग झोळी आणि पाळण्याचं काय? बारशाला पाळणा हवाच. त्यात बाळाला घालावं, नाव ठेवावं, पाळणे म्हणावेत. जागेपणी, कुणी शेजारी बसलेलं असताना झोके द्यावेत. पण साडीच्या झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते. झोळीत खेळायला शिरलेल्या मोठ्या भावंडांच्या गळ्याला साडीचा पीळ बसल्याच्या घटनाही घडलेल्या आहेत. रात्रीची आणि नजरेआडची झोप सपाट, स्थिर क्रिबमध्येच व्हावी. ती क्रिब पहिले किमान सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पलंगाला लागून ठेवावी. रात्री दूध पाजणं सोपं जातं, बाळाचा श्वास ऐकू येतो आणि तरी त्याची जागा स्वतंत्र राहते. म्हणजे सजवलेली वेगळी खोली पहिल्या अर्ध्या वर्षात बहुधा दिवसाच वापरली जाईल. खर्चाचा हिशोब करताना हे ध्यानात असावं.

गादी

मोठ्यांना जी गादी कडक वाटते ती बाळाला योग्य. तळहाताने दाबून हात उचलल्यावर खळगा राहत असेल तर ती नको. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी मऊ असते आणि वापरात तिच्यात खड्डे पडतात, म्हणून या कामाला काथ्याची किंवा घट्ट फोमची सपाट गादी घ्यावी. गादी आणि क्रिबची बाजू यांच्यामध्ये दोनपेक्षा जास्त बोटं शिरता कामा नयेत. अमेरिकी पूर्ण आकाराच्या क्रिबची आतली मापं साधारण ७१ बाय १३३ सेंटिमीटर असतात आणि युरोपात ६० बाय १२० हे माप रूढ आहे. आपल्या बाजारात दोन्ही मापांच्या वस्तू मिळतात, त्यामुळे एका मापाची गादी दुसऱ्या मापाच्या क्रिबमध्ये टाकली जाते. जाडी १५ सेंटिमीटरच्या आत असावी. जास्त जाड गादीने कठड्याची उंची कमी होते. चादर चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली, गादीवर ताणून बसणारी हवी. ओल लागू नये म्हणून घातलेलं ड्राय शीटही तिच्याखाली घट्ट बसवलेलं असावं.

लाकूड, रंग आणि पॉलिश

दात येऊ लागले की बाळ उभं राहून कठड्याची वरची कड चावतं. म्हणून कठड्यावरचा रंग बाळाच्या पोटात जाणार हे गृहीत धरूनच तो निवडावा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे. शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं. त्यामुळे माळ्यावर ठेवलेली, जुन्या ऑइल पेंटची क्रिब नुसती पुसून वापरात आणू नये. जुना रंग घरात घासूनही काढू नये, कारण ती धूळ आणखी घातक असते.

सागवान, बीच, रबरवूड ही लाकडं या कामाला चांगली. आंब्याचं लाकूड नीट वाळवलेलं असेल तर चालतं. पाइन हलकं आणि स्वस्त असतं, पण त्याला खड्डे लवकर पडतात आणि कुसळं निघू शकतात. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड वापरलेलं असेल तर फॉर्मल्डिहाइडची पातळी सांगणारी 'ई-१' किंवा 'ई-०' श्रेणी विचारावी आणि क्रिब जोडून काही दिवस उघड्या खिडकीच्या खोलीत ठेवावी. आपल्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि बोल्ट सैल होतात. महिन्यातून एकदा क्रिब दोन्ही हातांनी हलवून पाहावी आणि बोल्ट आवळावेत.

सुताराला काय सांगाल

महाराष्ट्रात बरीच कुटुंबं फर्निचर सुताराकडून करून घेतात, आणि चांगल्या सुताराच्या हातची क्रिब दुकानातल्या क्रिबपेक्षा उजवी होऊ शकते. सुताराला तोंडी वर्णन न देता मापं कागदावर लिहून द्यावीत:

- गजांमधलं अंतर साडेचार ते सहा सेंटिमीटर, सगळीकडे सारखं.
- सर्वांत खालच्या जागी ठेवलेल्या गादीच्या फळीपासून कठड्याच्या वरच्या कडेपर्यंत किमान ६६ सेंटिमीटर.
- फळी बसवण्यासाठी दोन-तीन उंचींवर भोकं. फळी चारही बाजूंनी बोल्टने पक्की.
- चारही बाजू न हलणाऱ्या. कोपऱ्याचे खांब डोक्याकडच्या फळीच्या बरोबरीने.
- उलगडायचे सांधे मशीनच्या बोल्टने आणि लाकडात बसवलेल्या धातूच्या नटने जोडलेले. उघडझाप होणाऱ्या जागी लाकडाचे स्क्रू किंवा खिळे नकोत. दुसऱ्यांदा आवळताना त्यांची पकड जाते.
- आतून आडव्या पट्ट्या नकोत. मूल त्यांवर पाय ठेवून चढतं.
- सगळ्या कडा गोल घासलेल्या. पॉलिश लहान मुलांच्या वस्तूंना चालणारं आणि पूर्ण सुकलेलं.

तयार क्रिब घेत असाल तर 'ईएन ७१६' किंवा 'एएसटीएम एफ ११६९' या मानकाचा उल्लेख वस्तूवरच्या लेबलवर आहे का ते पाहा. आणि लेबल असलं तरी मोजपट्टी लावा.

देखणेपण कुठे शोधावं

१९२२ साली वायमारच्या बाउहाउस शाळेत पीटर केलर या विद्यार्थ्याने एक पाळणा घडवला. दोन मोठी निळी वर्तुळं, त्यांच्यामध्ये पिवळे त्रिकोण आणि लाल आयत. कांडिन्स्कीने रंग आणि आकार यांचं जे नातं शिकवलं होतं ते केलरने थेट रचनेत उतरवलं. झालर, फीत, लटकन काही नाही. जे डोळ्यांत भरतं तोच पाळण्याचा सांगाडा आहे. झोपेसाठी आज असा डोलणारा पाळणा नको, पण त्यातलं तत्त्व क्रिब निवडताना उपयोगी पडतं. वर काही न चिकटवता सुंदर दिसणारी क्रिब घ्यावी.

अशी क्रिब ओळखता येते. गजांची लय सारखी असते, कठड्याची जाडी आणि पायांची जाडी एकमेकांना शोभते, लाकडाच्या शिरा पॉलिशखाली दिसतात. साध्या रेषांची क्रिब मूल मोठं झाल्यावरही खोलीत परकी वाटत नाही, आणि बाजू काढून छोटा पलंग करता येण्याजोगी असेल तर पाच-सहा वर्षं टिकते.

बाकीची सगळी हौस खोलीत करावी. भिंतीला हळदी, पिस्ता किंवा फिका निळा रंग द्यावा. क्रिबसमोरच्या भिंतीवर वारली चित्रं रंगवावीत. इरकली किंवा खणाच्या कापडाची किनार खुर्चीच्या उशीला लावावी. आजीने शिवलेली गोधडी भिंतीवर पसरून लावली तर ती रोज दिसते आणि बाळाच्या नाकापासून दूर राहते. फक्त क्रिबच्या डोक्यावरची भिंत मोकळी ठेवावी. तिथे तसबीर, फळी, घड्याळ काही नको.

क्रिब खिडकीपासून, पडद्याच्या दोऱ्यांपासून आणि चार्जरच्या वायरींपासून हातभर तरी लांब असावी. वर टांगायचे लाकडी राघू-मैना हाताला लागणार नाहीत इतके उंच बांधावेत आणि बाळ हातापायांवर उठू लागलं किंवा पाच महिन्यांचं झालं की काढून टाकावेत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहूनच खेळणं घ्यावं. मच्छरदाणी आपल्याकडे चैनीची वस्तू नाही, डेंग्यूच्या दिवसांत ती लागतेच. ती क्रिबच्या बाहेरून, ताणून, बाळाला आत ओढता येणार नाही अशी बसवावी. जाळी फाटली की बदलावी.

क्रिबचं वय

बाळ बसू लागलं की गादीची फळी एक टप्पा खाली, उभं राहू लागण्याआधी सर्वांत खाली. मुलाची उंची ८९ सेंटिमीटरच्या आसपास झाली किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीपर्यंतच येऊ लागला की क्रिबचं काम संपलं. त्यानंतर ती अडसर राहत नाही, चढून पडायची जागा होते.

आपल्याकडे बाळाच्या वस्तू नात्यात फिरतात. आत्याच्या मुलाची क्रिब मामाच्या मुलीकडे जाते, आणि ती रीत चांगली आहे. क्रिब पुढे देताना सगळे बोल्ट, किल्ली आणि जोडणीचं पत्रक एका पिशवीत घालून तिलाच बांधून द्यावं. एखादा बोल्ट हरवला असेल तर कंपनीकडून तोच मागवावा, दोरीने किंवा चिकटपट्टीने काम भागवू नये. कठडा सरकणारा असेल, गज तुटलेला असेल किंवा रंग जुना आणि सोलणारा असेल, तर ती क्रिब कुणालाही देऊ नये आणि तशीच भंगारातही टाकू नये. कुणीतरी गरजू माणूस ती उचलून नेतो आणि आपण नाकारलेला धोका दुसऱ्याच्या घरी पोहोचतो. अशी क्रिब पूर्ण सुटी करून, गज कापून मगच टाकावी. डॅनी कीझर ज्या क्रिबमध्ये गेला ती पाच वर्षांपूर्वीच बाद ठरलेली होती. तिचा वापर मात्र कुणी थांबवला नव्हता.